तरंगत्या चकतीच्या निवडीबाबत

विषय : पाण्यात न बुडणारी चकती कोणती, याबाबत मार्गदर्शन मिळणेबाबत, तसेच अर्जदारास शिष्य म्हणून स्वीकारणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा तोंडी प्रश्न, सोमवार. २) त्याच प्रश्नाचे तोंडी स्मरणपत्र, मंगळवार. ३) गुरूंचे मौन, दोन्ही दिवशी.

“...ते सगळं खरं, पण तरंगणारी नेमकी कोणती?”

बुधवारी सकाळी खरवंडीकरांनी तिसऱ्यांदा विचारलं.

तातोबा भोई तलावाच्या काठावर फाटकं जाळं सांधत बसले होते. त्यांनी दोरा दातानं तोडला. पाण्याकडे पाहिलं. पुन्हा जाळ्याकडे पाहिलं.

“नाव काय म्हनला?”

आठ वर्षं हा माणूस आपल्याला रोज पाहतो, आणि नाव विचारतो. खरवंडीकरांना राग आला. पण शिष्य व्हायला आलेल्या माणसानं पहिल्याच आठवड्यात रागावू नये, एवढं त्यांनी वाचलं होतं.

“पुरुषोत्तम गणेश खरवंडीकर. बी.कॉम. निवृत्त कार्यालय अधीक्षक, वर्ग दोन. माजी सरचिटणीस, कर्मचारी क्रीडा मंडळ. विद्यमान सचिव, अरुणोदय ज्येष्ठ नागरिक वसाहत.”

“येवढंच?”

“पाटीवर एवढंच मावतं.”

तातोबांनी मान हलवली. सुईत नवा दोरा ओवला.

“पाण्याला सांगितलं का येवढं समदं?”

खरवंडीकरांनी हे वाक्य वहीत उतरवून घेतलं. अर्थ लागला नाही. पण अर्थ न लागणारी वाक्यंच पुढे मोठी ठरतात, असा त्यांचा नोकरीतला अनुभव होता.

आता हे चकतीचं प्रकरण काय, ते सांगायला हवं.

लिंगेवाडीच्या तलावाकाठी निवृत्त माणसांची एक वसाहत आहे. तिथल्या एका रहिवाशाचा मुलगा फिनलंडात असतो. तो एकदा सुट्टीवर आला, वडिलांची आणि वडिलांच्या मित्रांची पोटं पाहून घाबरला, आणि जाताना डिस्क गोल्फ बसवून गेला. म्हणजे गोल्फच, पण काठी आणि चेंडूऐवजी बशीएवढी चकती हातानं फेकायची, आणि भोकाऐवजी साखळ्या लोंबणारी लोखंडी टोपली. माळावर अशा नऊ टोपल्या. कमीत कमी फेकींत चकती टोपलीत टाकेल तो जिंकला.

सहा टोपल्यांपर्यंत गुडघे सोडून कशालाच धोका नाही. सातवी टोपली मात्र तलावाच्या फाट्यापलीकडे आहे. मधे साठ पावलं पाणी.

सुरुवातीला बुडालेल्या चकत्या तातोबांच्या जाळ्यात अडकू लागल्या. तातोबांनी तक्रार केली. तक्रार कसली, अकरा चकत्या सचिवांच्या दारात आणून ठेवल्या आणि गेले. मग सचिव खरवंडीकर यांनी नियम केला : एका सामन्याला एकच चकती. पाण्यात पडून तरंगली आणि काठावरून हाताला लागली, तर एक फेक दंड आणि खेळ पुढे चालू. बुडाली, तर खेळाडू बाद. शिवाय प्रत्येक चकतीवर मालकाचं नाव पाहिजे.

नियम चांगला होता. त्याखाली पहिला बाद झाला तो नियम करणाराच.

तोही कोणासमोर? व्याह्यांसमोर.

संक्रांतीनंतरच्या रविवारी पाहुण्यांचा सामना असतो. खरवंडीकरांचे व्याही दिगंबरपंत चांदेकर, म्हणजे सूनबाईंचे वडील, निवृत्त मुख्याध्यापक, दर वर्षी येतात. मागच्या वर्षी सातव्या टोपलीला खरवंडीकरांची चकती पाण्यात पडली, आणि तिथल्या तिथे खाली गेली. चांदेकरांची पलीकडे गेली. तेव्हा चांदेकर सगळ्यांच्या देखत, हात जोडून म्हणाले,

“मुलीचा बाप आहे मी. हरायलाच आलो होतो हो. पण तुम्ही हरूच देत नाही.”

लोक हसले. कुमुदबाई, म्हणजे खरवंडीकरांच्या पत्नी, सगळ्यात जास्त हसल्या.

त्या दिवसापासून खरवंडीकरांनी चकत्यांचा अभ्यास सुरू केला. दीडशे ग्रॅमची हलकी, पावणेदोनशेची जड. मऊ प्लास्टिकची, कडक प्लास्टिकची. ‘पाण्यात तरंगते’ असा शिक्का असलेली, नसलेली. त्याचा तक्ता केला. वर्षभरात तरंगणाऱ्या तीन मागवल्या. प्रत्येक चकती आली की आधी न्हाणीघरातल्या बादलीत टाकून पाहिली. कुमुदबाईंना साक्षीदार म्हणून उभं केलं.

“तरंगते की.”

“नीट बघ.”

“अहो, तरंगतेय. मला आंघोळीला पाणी घेऊ द्या.”

चाचणी पार पडली, की त्याच दिवशी चकतीवर पाटी बसवायची. बाकीचे लोक पेनानं नाव लिहीत. खरवंडीकरांना तो पोरकटपणा वाटे. त्यांनी पितळेच्या पाट्या करून घेतल्या होत्या. जाड पितळ, कोरीव अक्षरं, वर नाव, खाली चार ओळी हुद्दे, चार कोपऱ्यांत चार स्क्रू. वसाहतीचा सुतार भोकं पाडून बसवून देई.

आणि तलावावर सरावाला गेलं, की चकती बुडे.

तिन्ही बुडाल्या. खरवंडीकरांनी कंपनीला तीन पत्रं लिहिली. कंपनीनं तिन्ही वेळा उत्तर दिलं की चकती तरंगते. खरवंडीकरांनी पाण्यावर संशय घेतला. मग वाऱ्यावर. शेवटी सुतारावरही.

इकडे तातोबा. वय अठ्ठ्याहत्तर. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून तलावात फिरायचे. पाण्यावर कोणाची चकती दिसली, की बसल्या बसल्या उचलायची आणि मनगटाच्या एका झटक्यात माळाकडे फेकायची. न बघता. ती सातव्या टोपलीत जाऊन पडे. साखळ्या वाजत. तातोबा तोवर पुढच्या जाळ्याशी.

म्हणून आठ वर्षं ज्याला “ए तातोबा” म्हटलं, त्याला खरवंडीकर गेल्या सोमवारपासून “तातोबा, तुम्ही” म्हणू लागले होते.

त्याच सोमवारी अर्जही दिला होता. शिष्य म्हणून स्वीकारावे, ही विनंती. खाली संपूर्ण नाव, पाचही ओळींत.

तातोबांनी तो कागद उलटासुलटा पाहिला, घडी घातली, आणि शेजारच्या दगडाखाली ठेवला.

“बघू.”

“‘बघू’ असं नसतं, तातोबा. अर्जाचा निर्णय झाला नसेल, तर ‘विचाराधीन आहे’ असं कळवायचं असतं.”

“काय म्हनायचं?”

“विचाराधीन.”

तातोबांनी ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं. शब्द आवडल्यासारखा दिसला.

गुरुवारी खरवंडीकर चौथी चकती घेऊन आले. कोरी, पिवळी, बादलीत उत्तीर्ण. वर पाटी उन्हात चमकत होती. सामना तीन दिवसांवर.

“टाका,” तातोबा म्हणाले.

“इथे? काठावर?”

“गुडघाभर पानी हाय. टाका.”

खरवंडीकरांनी चकती अलगद पाण्यावर ठेवली, बाळाला पाळण्यात ठेवतात तशी. चकती क्षणभर थांबली. मग एका बाजूनं कलली, आणि शांतपणे खाली गेली.

...

तातोबा पाण्यात उतरले. पायाच्या बोटांनी चकती शोधली, वर काढली, हातात दिली.

“पुन्ना.”

पुन्हा तेच झालं.

तातोबांनी स्वतःच्या तराफ्यावरून एक चकती आणली. रंग उडालेली, कडा कुरतडलेली, कोणाचं नाव नसलेली. पाण्यावर टाकली. ती तिथेच डुलत राहिली. एक बेडूक तिच्यावर येऊन बसला. तरीही ती डुलत राहिली.

“ही कुठल्या कंपनीची?”

“काय की.”

“किती ग्रॅमची?”

“बेडूक धरून का सोडून?”

खरवंडीकरांनी वहीत लिहिलं : जुनी चकती तरंगते, नवी बुडते. मुरवावी लागत असावी. लोणच्याप्रमाणे?

घरी जाऊन त्यांनी चकतीला खोबरेल तेल चोळलं. पाटीलाही चोळलं. शुक्रवारी सकाळी ती जास्त सफाईनं बुडाली.

“तातोबा,” खरवंडीकर काठावर मटकन बसले. आवाज खाली आला होता. “रविवारी व्याही येणार. पुन्हा सगळ्यांसमोर हात जोडणार. मला बाकी काही नको. एवढी एक चकती पाण्यावर राहिली पाहिजे.”

तातोबांनी पहिल्यांदाच हातातलं काम थांबवलं.

“तरंगनारी हलकी. ती वाऱ्याची. बुडनारी जड, ती पान्याची. तुमची कुनाची?”

“माझी माझीच. पाटी आहे ना वर.”

तातोबा बराच वेळ खरवंडीकरांकडे पाहत राहिले. मग त्यांनी एक पोतं ओढून आणलं आणि समोर उपडं केलं. जाळ्याचं सामान होतं. वाळलेला भोपळा, थर्माकोलचे तुकडे, रबरी चपलांच्या टाचा, औषधाच्या रिकाम्या बाटल्या. आणि शिशाचे गोळे, गंजके नट, एक मोडकं कुलूप, नळाची तोटी.

“येगळं करा. तरंगनारं वरच्या दोरीला लागतं. बुडनारं खालच्या. दोन्ही असल्याबिगर जाळं उभं ऱ्हात न्हाई.”

हे काम खरवंडीकरांच्या हातचं होतं. चौतीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं, फक्त कागदांचं. ते सरसावून बसले. भोपळा इकडे. शिसं तिकडे. टाच इकडे. कुलूप तिकडे.

तेलकट पिवळी चकती तातोबांनी मधे सरकवली.

“ही?”

“तरंगणारी,” खरवंडीकर ठामपणे म्हणाले आणि तिला भोपळ्याशेजारी ठेवलं. “तसा शिक्का आहे तिच्यावर.”



खरवंडीकरांनी पोत्यात पुन्हा हात घातला. हाताला काहीतरी गार, सपाट, जड लागलं. बाहेर काढलं. पितळेचं होतं, शेवाळ चढलेलं. चार कोपऱ्यांत चार भोकं, एका भोकातून सुतळी ओवलेली. त्यांनी सवयीनं ते उजवीकडे, शिशाच्या ढिगात टाकलं.

टण्.

मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनी ते पुन्हा उचललं. अंगठ्यानं शेवाळ पुसलं.

“...गणेश खरवंडीकर, बी.कॉम.”

पोत्यात अजून दोन होत्या.

पाण्यावर फक्त बेडूक बोलत होता.

“ह्या... माझ्या पाट्या?”

“व्हय. झक्कास बुडत्यात. असं वजन बाजारात गावत न्हाई.”

“आणि चकत्या?”

तातोबांनी तलावाकडे बोट केलं. दूर पाण्यावर जाळ्याच्या वरच्या दोरीला तीन रंगीत चकत्या बांधलेल्या होत्या. स्क्रूच्या भोकांतून दोरी ओवलेली. तिन्ही ऐटीत तरंगत होत्या.

“बाकीच्यांच्या चकत्या तुम्ही परत फेकता! माझ्या का नाही दिल्यात?”

“तुमचं नाव लई लांब, सायेब. वाचून हुईपर्यंत मासं आलं.”

खरवंडीकर उठले. घरी निघाले. वाटेत सुताराकडून स्क्रूड्रायव्हर मागून घेतला. पहिले तीन स्क्रू सहज निघाले. चौथ्याला त्यांना बराच वेळ लागला. सुतारानं तो काही फार घट्ट बसवलेला नव्हता.

नाव तर नियमानं पाहिजेच. कुमुदबाईंनी परटाकडच्या कपड्यांवर खूण करायचं पेन आणलं आणि चकतीच्या मागे एकच अक्षर काढलं. ‘ख’.

“एवढंच?”

“चादरी येतात की परत एवढ्यावर.”

रविवारी चांदेकर आले. डोक्यावर टोपी, हातात तिळगुळाचा डबा, खांद्यावर नवी पिशवी.

“गोड बोला, खरवंडीकर. यंदा मीही तरंगणारी घेतली. मागच्या वर्षी तुमची बुडाली ना, नातीनं तेव्हापासून हट्टच धरला. आजोबा, तुमची बुडायला नको. रंगही तिनंच निवडला.”

पिशवीतून जांभळी चकती निघाली. तिच्यावर पितळी पाटी. जाड. कोरीव.

“तुमची बघूनच करून घेतली. दोन ओळी जास्त झाल्या तुमच्यापेक्षा. राग मानू नका.”

खरवंडीकरांनी पाटी वाचली. सात ओळी होत्या. त्यांचा हात खिशात गेला. खिशात स्क्रूड्रायव्हर होता. सुताराला परत द्यायचा राहिला होता.

सांगावं का?

“छान आहे,” खरवंडीकर म्हणाले.

पहिली टोपली झाली. दुसरी झाली. चांदेकर गुडघा धरून चालत होते आणि नातीच्या गोष्टी सांगत होते. ती दोघांचीही नात. विचारलं तर सांगू, असं खरवंडीकरांनी ठरवलं. तिसरी झाली. विचारलं नाही. सहावीपर्यंत दोघे बरोबरीत होते, आणि स्क्रूड्रायव्हर मांडीला टोचत होता.

सातवी.

वारा समोरून होता. खरवंडीकरांनी फेकली. हलकी चकती वर उठली, थबकली, आणि पाण्यात पडली.

कुमुदबाईंनी हसण्याची तयारी केली.

पिवळी चकती पाण्यावर डुलत राहिली. वाऱ्यानं तिला हळूहळू अलीकडे आणलं. खरवंडीकर काठावर ओणवे झाले आणि त्यांनी ती हातानं उचलली. एक फेक दंड. खेळ पुढे चालू. टाळ्या वाजल्या.

मग चांदेकरांनी फेकली. तीही वाऱ्यानं अडवली, तीही जवळजवळ तिथेच पडली.

क्षणभर थांबली. कलली. सात ओळींसकट खाली गेली.

“अहो, तरंगणारी होती!” चांदेकर म्हणाले. “बादलीत तरंगली होती! नात होती साक्षीला!”

पंचांनी बाद दिलं. चांदेकर हसले, हातही जोडले. “चला, मुलीच्या बापानं एकदाचं कर्तव्य केलं.” पण ते जोडलेले हात खाली आले, तेव्हा पुढे काय करायचं ते हातांना सुचेना. नातीनं विचारलं की काय सांगू, असं काहीतरी ते पुटपुटले. मग खरवंडीकरांच्या जवळ येऊन, अगदी साध्या आवाजात त्यांनी विचारलं,

“पण मला सांगा, तरंगणारी नेमकी कोणती हो?”

...

खरवंडीकरांनी पाण्याकडे पाहिलं. मग आभाळाकडे. मग, जवळ जाळं नव्हतं म्हणून, स्वतःच्या बुटाच्या नाडीकडे. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. त्यांना आतून फार मोठं झाल्यासारखं वाटत होतं.

चांदेकर वाट पाहत उभेच होते.

“कंपनीला लिहा,” खरवंडीकर म्हणाले.

चांदेकर मान हलवून तिळगूळ वाटायला गेले.

दरम्यान तातोबा तराफा घेऊन फाट्यात गेले होते. लांब बांबूनं त्यांनी तळ चाचपला, जांभळी चकती वर काढली, आणि काठाला लागले. ती त्यांनी चांदेकरांना दिली नाही. खरवंडीकरांच्या हातात ठेवली. पाटीवरून पाणी त्यांच्या बुटांवर गळत राहिलं.

एका हातात चकती. दुसरा हात खिशात.

माळावर चांदेकर नातीला फोन लावत होते. लागत नव्हता. ते पुन्हा लावत होते.

खरवंडीकरांनी घसा खाकरला.

“पाहिलंत ना, तातोबा? त्यांनी विचारलं, आणि मी सांगितलं नाही. अगदी तुमच्यासारखा गप्प राहिलो. शिवाय नाव काढलं, सामना जिंकला. आता त्या अर्जाचं...?”

तातोबांनी खरवंडीकरांच्या फुगलेल्या खिशाकडे पाहिलं. मग वाकून काठावरचा तो दगड उचलला. कागद खाली तसाच होता, थोडा ओला. त्यांनी दगड जागेवर ठेवला. आणि त्याच्यावर अजून एक दगड ठेवला.

“विचाराधीन हाय, सायेब.”